‘सोप ऑपेरा डायजेस्ट’ची कव्हरं: भडक म्हणा, पण कच्ची म्हणू नका

‘सोप ऑपेरा डायजेस्ट’ या दुपारच्या टीव्ही मालिकांवरच्या अमेरिकन नियतकालिकाचं नाव काढलं की डिझाइनवाली मंडळी नाक मुरडतात. पिवळाधमक रंग, लाल पट्टे, सहा-सात चेहरे, जिथेतिथे उद्गारचिन्हं. मला हे नाक मुरडणं पटत नाही. मी अमेरिकेत एका छपाई कंपनीच्या प्रीप्रेसमध्ये काम करते, म्हणजे डिझायनरनं पाठवलेलं पान मशीनवर चढण्याआधी माझ्या स्क्रीनवरून जातं. दुपारच्या मालिकांवरच्या या अंकांचा चांगला जाडजूड गठ्ठा माझ्याकडे आहे: काही ऐंशीच्या दशकातले, काही नव्वदीतले, काही अगदी शेवटच्या वर्षांतले. ते समोर पसरूनच लिहायला बसले आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. इतक्या लहानशा जागेत, घाईत असलेल्या माणसाला, त्याला अर्धी माहीत असलेल्या गोष्टीची पुढची ओढ लावायची, हे काम या कव्हरांइतकं चोख करणारी कव्हरं मी फार थोडी पाहिली आहेत. दोष आहेत, आणि तेही सांगणार आहे.

पहिला अंक डिसेंबर १९७५चा. त्याच सुमाराला सोनीचं बीटामॅक्स हे टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारं यंत्र अमेरिकेत विक्रीला आलं होतं, पण घरोघरी व्हीसीआर पोचायला अजून बराच अवकाश होता. दुपारची मालिका आठवड्याचे पाच दिवस चालते. नोकरीवर जाणाऱ्या बाईचा एक भाग चुकला की तो कायमचा गेला. डायजेस्टचा मूळ माल हाच होता: चुकलेल्या भागांचं कथानक, मालिकेगणिक, थोडक्यात. म्हणजे विकत घेणारी व्यक्ती मालिका आधीपासून पाहणारीच असायची. कव्हरला तिला कुणाची ओळख करून द्यायची नव्हती; ‘तुझ्या माणसांचं इकडे काहीतरी झालंय’ एवढाच निरोप पोचवायचा होता.

हे नीट समजून घ्यायचं तर बाहेरच्या मासिकांशी ताडून पाहावं. जानेवारी १९७६मध्ये ‘टाइम’नं ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’मधली जोडी कव्हरवर घेतली, आणि सप्टेंबर १९८१मध्ये ‘न्यूजवीक’नं ‘जनरल हॉस्पिटल’मधले ल्यूक आणि लॉरा घेतले. त्या दोन्ही मासिकांचा वाचक बाहेरचा होता. हे लोक कोण, दुपारच्या मालिकांचा एवढा बोलबाला का, हे त्याला आधी सांगणं भाग होतं. डायजेस्ट असलं काही सांगत बसत नाही. कव्हरवर आडनावं नाहीत. सनी, कार्ली, व्हिक्टर, निकी, जॉन, मार्लेना, ब्रुक, रिज. मालिकांची पूर्ण नावंसुद्धा क्वचितच. जीएच (‘जनरल हॉस्पिटल’), वाय अँड आर (‘यंग अँड द रेस्टलेस’), बी अँड बी (‘बोल्ड अँड द ब्युटिफुल’), डेज (‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’), एवढ्यावर भागतं. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी हे कव्हर नाहीच, आणि ज्याला कळतं त्याला आपल्याला घरचं धरल्यासारखं वाटतं. गाळलेल्या या आडनावांना मी डिझाइनच मानते. आडनाव गेलं की अक्षरं दुप्पट मोठी करता येतात.

आता जागेबद्दल, कारण जागा कळल्याशिवाय या कव्हरांना भडक म्हणणं अन्यायाचं आहे. हा अंक प्रामुख्यानं सुपरमार्केटात बिलाच्या रांगेजवळच्या तारेच्या खणांत विकला जायचा. त्या खणांसाठी प्रकाशक दुकानांना पैसे मोजतात, एवढी ती जागा मोलाची. अंकाचं माप ‘रीडर्स डायजेस्ट’सारखं, पर्समध्ये मावेल असं. खणाच्या पुढच्या तारा नि पट्टी यांनी कव्हरचा खालचा भाग झाकला जातो, तर कधी शेजारचा अंक सरकून उजवी कड झाकतो. शिल्लक राहतो वरचा भाग आणि डावी बाजू. माझ्या गठ्ठ्यातला कुठलाही अंक घ्या, सगळ्यांत महत्त्वाची बातमी तिथेच आहे. अंकाच्या नावाच्याही वर एक पातळ पट्टी असते, तिच्यात एखादं धक्कादायक वाक्य. मुख्य चेहऱ्याचे डोळे वरच्या अर्ध्या भागात. खालच्या उजव्या कोपऱ्यात बारकोड आणि नसला तरी चालेल असा मजकूर. हाच अंक टेबलावर ठेवून पाहिला तर वरचा भाग जड आणि खालचा रिकामटेकडा वाटतो. खणात ठेवला की बरोबर बसतो.

रंगाचंही तेच. लाल आणि पिवळा यांना लोक अभिरुचीहीन म्हणतात. माझ्यासारखी छपाईतली बाई त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहते. चाररंगी छपाईत शंभर टक्के पिवळा म्हणजे एकच शाई. त्यावर शंभर टक्के मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी शाई, टाकली की झणझणीत लाल. दोन शाया, बाकी काही नाही. भरधाव मशीनवर कागद केसभर सरकला तरी पिवळ्या अक्षरांची कड फुटत नाही, कारण तिथे जुळवायला दुसरा रंगच नसतो. तेच अक्षर फिक्या जांभळ्यात किंवा मातकट तपकिरीत केलं असतं तर तीन-चार शाया एकमेकींवर अचूक बसवाव्या लागल्या असत्या, आणि लाखोंच्या छपाईत त्या दर वेळी बसत नाहीत. शिवाय चेहऱ्यावर टाकलेलं पिवळं अक्षर गोऱ्या त्वचेवर बुडून जाईल म्हणून त्याला काळी बारीक कड देतात आणि खाली सावली सोडतात. ही कड किती जाड असावी याचा अंदाज या लोकांना फार चांगला होता. जाड झाली की अक्षर ढब्बं दिसतं, बारीक झाली की लांबून नाहीशी होते. नव्वदीतले अंक हातभर अंतरावर धरून पाहा, एकही अक्षर चेहऱ्यात विरघळलेलं नाही.

माझा सगळ्यांत आवडता प्रकार म्हणजे ‘फाटलेलं जोडपं’. हा प्रकार इतक्या अंकांवर आहे की याला या नियतकालिकाची खूणच म्हणता येईल. माझ्यासमोरच्या एका कव्हरवर नवरा-बायकोचा जवळून काढलेला फोटो आहे, गालाला गाल लावलेला, बहुधा चांगल्या दिवसांतला. त्याच्या बरोबर मधून वरपासून खालपर्यंत फाटल्याची वेडीवाकडी रेघ. रेघेची कड पांढरी आहे, खरा फोटो फाडल्यावर आतला कागद दिसतो तशी. दोन अर्धे किंचित वाकडे करून ठेवलेत, त्यामुळे तिचा डोळा त्याच्या डोळ्याच्या रेषेत येत नाही. खाली गोल चौकटीत दुसरी बाई, जेमतेम टपाल तिकिटाएवढी. ती सरळ आपल्याकडे बघते आहे. आणि नवऱ्याचा अर्धा असा निवडलाय की त्याची नजर खाली, त्या गोलाकडे जाते. बायको मात्र समोर पाहते, तिला पत्ता नाही. चार शब्दही न वाचता गोष्ट पूर्ण कळते.

यात अतिशयोक्ती नाही हे मला माझ्या सासूबाईंमुळे माहीत आहे. त्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांचं इंग्रजी बेताचंच होतं. संध्याकाळी मी रेकॉर्ड केलेले ‘डेज’चे भाग लावायचे, त्या शेजारी भाजी निवडत बसायच्या. पुढे बिलाच्या रांगेत उभं असताना त्या खणातल्या कव्हराकडे बोट दाखवून म्हणायच्या, “अगं, या दोघांचं बिनसलं वाटतं.” मी विचारलं, “आई, तुम्हाला कसं कळलं? अजून तर दाखवलं पण नाही.” तर म्हणाल्या, “तो बघतोय कुणाकडे, ते बघ ना.” कव्हर बनवणाऱ्या माणसानं ज्या एका नजरेवर सगळा डाव लावला होता, ती त्यांनी वाचली होती. त्यानंतर मीही आधी शब्द वाचायचं सोडलं. आधी बघते कोण कुणाकडे पाहतंय, हात कुठे आहेत, कुणाला कापून छोटं केलंय. पुरुषाच्या छातीवर बाईचा तळहात असेल तर जोडपं टिकणार आहे. तोच हात कापून चौकटीबाहेर टाकला असेल तर गडबड आहे.

शब्दांवर मात्र आणखी थोडं थांबायला हवं, कारण तिथे खरी चलाखी आहे. ‘तो जातोय!’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. कोण जातोय? पात्र बायकोला सोडून जातंय, की नटाचा करार संपल्यामुळे तो मालिकाच सोडतोय? कव्हर हे मुद्दाम उघड करत नाही. पात्राचं नाव आणि नटाचा चेहरा एकच असल्यामुळे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागतात, आणि दोन्ही प्रकारच्या वाचकांचा जीव टांगणीला लागतो. मालिकेची खरी चाहती असेल तिला दोन्ही बातम्या सारख्याच महत्त्वाच्या, म्हणून मला यात फसवणूक वाटत नाही. प्रश्नचिन्हाचं काम वेगळं. ‘ती गरोदर?’ असं विचारलं की होकार द्यावा लागत नाही. लेखकांनी पुढच्या आठवड्यात कथानक फिरवलं तरी अंक खोटा पडत नाही. मालिकेचा शुक्रवारचा भाग जसा दार उघडता उघडता थांबतो आणि सोमवारपर्यंत तगमग ठेवतो, तसंच कव्हरही दाराच्या फटीपाशीच थांबतं. मालिकेचीच कला कागदावर उतरवलेली आहे, आणि ती करणाऱ्यांना मालिका मनापासून आवडत असणार याबद्दल मला शंका नाही. बाहेरच्या माणसाला ही नस सापडली नसती.

लग्नाचे अंक सगळ्यांत देखणे. तिथे हीच मंडळी एकदम संयमानं वागतात. लग्नं बहुधा नोव्हेंबर, फेब्रुवारी किंवा मे महिन्यात लावायची, कारण त्या महिन्यांत प्रेक्षकसंख्येची मोजणी व्हायची आणि तिच्यावर जाहिरातींचे दर ठरायचे. ल्यूक आणि लॉराचं लग्न १६ आणि १७ नोव्हेंबर १९८१ला दाखवलं, सुमारे ३ कोटी लोकांनी पाहिलं, आणि त्या कथानकात एलिझाबेथ टेलरही होती. दुपारच्या मालिकांना तेवढा प्रेक्षक पुन्हा कधी मिळाला नाही. लग्नाच्या कव्हरवर एकच मोठा फोटो असतो, पांढऱ्या पोशाखामुळे आपोआप मोकळी जागा मिळते, आणि त्या पांढऱ्यावर लाल अक्षरं अशी उठून दिसतात की सावली-कड काही लागत नाही. दर आठवड्याला ओरडणारा अंक एकदा शांत झाला की तोच रांगेत आधी दिसतो. हे कळायला आणि अमलात आणायला धीर लागतो.

जोडीच्या नियतकालिकांशी तुलना करते. ‘सोप ऑपेरा वीकली’ १९८९मध्ये आलं आणि २०१२मध्ये बंद झालं. ते आकारानं मोठं, त्यामुळे त्याचं कव्हर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानासारखं मांडलेलं. बातमीचा बाज अधिक, भावनेचा कमी. मला ते वाचायला आवडायचं, बघायला नाही. बाउअर कंपनीचं ‘सोप्स इन डेप्थ’ १९९७मध्ये निघालं, त्याच वर्षी डायजेस्टही साप्ताहिक झालं. बाउअरवाल्यांनी एबीसी आणि सीबीएस या टीव्ही वाहिन्यांच्या मालिकांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या काढल्या, आणि डिझाइनच्या दृष्टीनं हा फार हुशारीचा निर्णय होता. एका वाहिनीच्या चाहत्याला दुसऱ्या वाहिनीचे चेहरे बघावे लागत नाहीत, म्हणून कव्हरवर एकच गोष्ट मोठी करता येते. सप्टेंबर २०११मध्ये ‘ऑल माय चिल्ड्रन’ आणि जानेवारी २०१२मध्ये ‘वन लाइफ टु लिव्ह’ एबीसीवरून गेल्यावर ती आवृत्ती जवळजवळ ‘जनरल हॉस्पिटल’चीच झाली. कव्हरं आणखी नेमकी झाली, पण रंगत कमी झाली. त्याच चार जोडप्यांना किती वेळा फाडणार? २०२०मध्ये त्यांची छापील आवृत्ती थांबली. डायजेस्टला मात्र सगळ्या वाहिन्या एकाच कव्हरवर सांभाळाव्या लागत. गर्दी तिथून आली.

पण हे कारण शेवटपर्यंत पुरत नाही, आणि माझी पहिली मोठी तक्रार हीच आहे. ऐंशीच्या दशकात डझनभर मालिका चालू असताना डायजेस्टच्या कव्हरवर एक मोठा फोटो आणि बाजूला दोन-तीन ओळी असायच्या. २०१२पर्यंत मोठ्या वाहिन्यांवर चारच मालिका उरल्या: ‘जनरल हॉस्पिटल’, ‘डेज’, ‘यंग अँड द रेस्टलेस’, ‘बोल्ड अँड द ब्युटिफुल’. तरीही कव्हर मात्र गच्च भरलेलं. चार मालिकांना पाच गोल, तीन पट्टे, दोन बाण. सांगायला कमी होतं तेव्हा आवाज वाढवला, असं ते दिसतं. या काळातल्या अंकांवर नजर कुठे ठेवावी तेच कळत नाही. फाटलेल्या जोडप्याच्या कव्हरवर नजरेला रस्ता होता: त्याचा चेहरा, मग गोल, मग तिचा चेहरा. इथे रस्ताच नाही.

दुसरी तक्रार जोडकामाची. वेगवेगळ्या दिवशी काढलेले फोटो कापून एका मिठीत बसवायचे, हे सगळीच मालिकांची मासिकं करतात, हरकत नाही. पण उजेडाची बाजू तरी जुळवावी. तिच्या नाकाची सावली डावीकडे आणि त्याची उजवीकडे पडली की दोघं एका खोलीत नाहीत हे लहान मूलही ओळखेल. केसांच्या कडेला जुन्या पार्श्वभूमीचा निळसर धागा राहिलेला मी अनेक अंकांवर पाहिला आहे. अर्ध्या तासाचं काम असतं ते.

तिसरी गोष्ट मला मनापासून खुपते. या सगळ्या मासिकांच्या कव्हरांवर कृष्णवर्णीय कलाकार फार थोडे दिसतात. दिसले तरी बहुतेक छोट्या चौकटीत. ‘ऑल माय चिल्ड्रन’मधले अँजी आणि जेसी यांच्यासारखी लाडकी जोडी ऐंशीच्या दशकातच होऊन गेली होती. प्रेक्षक होते, कथा होत्या, चेहरे होते. मोठा फोटो कुणाचा आणि गोल चौकट कुणाची, हाही डिझाइनचाच निर्णय आहे, आणि तो वर्षानुवर्षं एकाच बाजूला झुकलेला राहिला. २०२५मध्ये सीबीएसवर ‘बियाँड द गेट्स’ आली, जिच्या मध्यभागी कृष्णवर्णीय कुटुंब आहे. दर आठवड्याचा छापील अंक तेव्हा उरलाच नव्हता, याचं मला वाईट वाटतं.

आणि आश्वासनाबद्दल एक. यांतल्याच एका मासिकानं (नाव घेत नाही) कव्हरवर अर्धं पान व्यापणारी बातमी दिली होती, आत त्यावर साडेतीन ओळी निघाल्या. कव्हरनं प्रश्न विचारावा, उत्सुकता ताणावी, सगळं मान्य. पण आतल्या पानावर त्या प्रश्नाला निदान एक फोटो आणि एक परिच्छेद मिळायलाच हवा. ज्या अंकांनी हे पाळलं त्यांची कव्हरं आजही पुन्हा बघावीशी वाटतात.

२०२३च्या अखेरीस डायजेस्टची साप्ताहिक छपाई थांबली. आता डिजिटल आवृत्ती आणि अधूनमधून विशेषांक. डिजिटल कव्हर मी फोनवर पाहिलं आणि निराश झाले, कारण रचना जुन्याच खणाची आहे आणि खण गेला आहे. फोनवर ते नखाएवढं दिसतं, पाच गोलांतला एकही चेहरा ओळखू येत नाही. तिथे ऐंशीच्या दशकातलं एक चेहरा, तीन शब्दवालं कव्हर झकास चाललं असतं. नवीन काढणाऱ्यांनी आपलाच जुना गठ्ठा उघडून बघावा.

डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींनी तरी हे अंक जरूर हाताळावेत. जुने अंक ईबेवर गठ्ठ्यानं मिळतात. घेताना दोन गोष्टी बघा: कव्हरवर चिकटवलेलं पत्त्याचं लेबल नेमकं चेहऱ्यावर आलेलं नसावं, आणि पाठीच्या पिनांना गंज नसावा, नाहीतर कव्हर सुटून हातात येतं. ऐंशीच्या दशकातला लग्नाचा अंक दिसला तर डोळे झाकून घ्या. नव्वदीतला फाटलेल्या जोडप्याचा एखादा घ्या. वर्षभराचा आढावा घेणारे अंक सोडून द्या, त्यांवर चेहऱ्यांचे ठोकळे रांगेनं मांडलेले असतात आणि कुणीच कुणाकडे पाहत नाही.